डावीकडची फट

१

सोपानचं गॅरेज पौडहून मुळशी धरणाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, माले गावाच्या थोडं अलीकडे होतं. वर पत्रा, तीन बाजूंनी विटांच्या भिंती आणि पुढे लोखंडी शटर. समोर रस्ता, रस्त्यापलीकडे भाताची खाचरं. शनिवार-रविवारी पुण्याची माणसं धरणावर फिरायला यायची आणि त्यांतली दोन-चार तरी हमखास सोपानच्या दारात थांबायची. कुणाचं पंक्चर, कुणाचा रेडिएटर उकळलेला. बाकीचे पाच दिवस जीप, टेम्पो आणि ट्रॅक्टर. हाताला काम होतं, घरात काही कमी नव्हतं. तरी सोपानच्या पोटात एक माणूस कायम सलत असायचा. तो माणूस म्हणजे नथू मिस्त्री.

नथूकडेच सोपान काम शिकला होता. नऊ वर्षं. पत्रा ठोकण्यात नथूसारखा माणूस साऱ्या तालुक्यात नाही, असं लोक म्हणायचे, आणि सोपानच्या तोंडावर म्हणायचे. त्यानं स्वतःचं गॅरेज काढलं तरी गिऱ्हाईक काम बघून मान हलवायचं आणि विचारायचं, "बरं झालंय. नथूच्या हाताखालचा ना तू?"

बरं. नथूचं काम बघून कुणी नुसतं ‘बरं’ म्हणत नसे.

आणि ती गाडी. चंद्रकांत साहेब अमेरिकेतली नोकरी संपवून परतले, धरणाच्या वरच्या अंगाला बंगला बांधून राहिले, तेव्हा त्यांनी बोटीनं आपली जुनी मस्टँग आणवली होती. लांबलचक नाक, रुंद पाठ, आठ सिलिंडरचं इंजिन. ती घाटरस्त्यानं उतरायला लागली की आधी आवाज यायचा आणि गाडी बऱ्याच वेळानं. ती गाडी फक्त नथू बघायचा. सोपान त्याच्याकडे होता त्या काळात नथूनं तिच्यासाठी त्याच्या हातात एकच गोष्ट दिली होती, फडकं.

"पूस," नथू म्हणायचा. "उघडू नको."

गेल्या आषाढात नथूच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. सोपान भेटायला गेला तेव्हा नथू खाटेवर पडून होता आणि त्याचा उजवा हात चादरीवर होता, एखादं अवजार कुणीतरी ठेवून विसरून जावं तसा. सोपानला वाईट वाटलं. आणि त्या वाईट वाटण्याच्या खाली, अगदी तळाशी, त्याला बरं वाटलं. हे त्यानं कधी कुणाला सांगितलं नाही.

२

२००६ सालच्या फेब्रुवारीत एका सकाळी तो आवाज घाटातून उतरत आला आणि सोपानच्या दारात थांबला. चंद्रकांत साहेब उतरले. मागून आलेल्या जीपमध्ये चादरीत गुंडाळलेलं एक नवं बॉनेट होतं, फायबरचं, काळं, मधोमध उंचवटा असलेलं.

"इंजिनवर नवा कार्ब्युरेटर घेतलाय, तो उंच आहे. जुनं बॉनेट आता नीट बंद होत नाही," साहेब म्हणाले. "हे पुण्यात करून घेतलं. आणि ह्या बॉनेट पिना, अमेरिकेहून मागवल्यात."

पिना म्हणजे आटे पाडलेले, वीतभर लांबीचे दोन दांडे. ते गाडीच्या नाकाजवळच्या आडव्या पट्टीवर उभे बसवायचे, बॉनेटला त्यांच्या बरोबर वर दोन भोकं पाडायची. बॉनेट बंद केलं की दांड्यांची टोकं भोकांतून वर येतात. त्या टोकांच्या आरपार एकेक काटा घातला की झालं.

"हिला कुलूप लागत न्हाई का, साहेब?"

"लागतं. पण फायबर हलकं असतं. वेगात वारा आत शिरला की उचलून काचेवर आपटेल. म्हणून पिना." साहेबांनी गाडीच्या टपावर हात ठेवला. "नथू बरा असता तर प्रश्नच नव्हता. तुला जमेल ना नीट?"

"जमंल की," सोपान म्हणाला. कानशिलं तापली होती, पण तो हसला.

गाडी शटरच्या आत घेतली. नऊ वर्षं जिच्यावरून नुसतं फडकं फिरवलं, तिचं बॉनेट त्यानं स्वतःच्या हातानं उघडलं. आत सगळीकडे नथू होता. प्रत्येक वायर कशी वळवून बांधलेली, प्रत्येक क्लिप कशी एका रेषेत. सोपाननं तोंड फिरवलं आणि पाना घेतला.

जुनं बॉनेट काढण्याआधी बिजागऱ्यांवर बोल्टांभोवती पेन्सिलीनं रेघ मारून घेतली. बिजागऱ्यांच्या जाड स्प्रिंगा काढून टाकल्या, कारण त्या लोखंडी बॉनेटसाठी होत्या, त्यांनी फायबर वाकवून टाकलं असतं. नवं बॉनेट चढवलं. उजवी बाजू एका झटक्यात बसली. डावी काही केल्या बसेना. पट्टी लावून पाहिलं तर तीन सूत, म्हणजे जवळजवळ एक सेंटिमीटर वर. बोल्ट सैल कर, थोडं सरकव, आवळ. परत तीन सूत. संध्याकाळी कंटाळून त्यानं बोल्ट परत पेन्सिलीच्या रेघेवर आवळले, शटर ओढलं आणि घरी गेला.

सकाळी शटर उघडलं तर डावी बाजू बसलेली होती.

सोपान पट्टी घेऊन वाकला. फट पुढपासून मागपर्यंत सारखी. फायबर रात्रीच्या गारठ्यानं आवळलं असेल, त्यानं स्वतःला सांगितलं. फेब्रुवारीत धरणाकडून गार वारा येतोच. मग त्यानं बिजागरीवरची पेन्सिलीची रेघ पाहिली. बोल्ट रेघेच्या बाहेर, नखभर पुढं सरकलेला होता.

घाबरायला हवं होतं. पण मनात पहिला विचार आला तो असा की, हे मी केलेलं नाही. दुसरा विचार त्याहून वाईट होता. मला हे जमलं नसतं.

३

पिनांची जागा बॉनेटवर नेमकी कुठं येते हे काढायची एक सोपी रीत आहे. दांडे बसवायचे, त्यांच्या टोकांना ओल्या पुट्टीचा ठिपका लावायचा, बॉनेट हलकेच टेकवायचं आणि उचलायचं. आतल्या बाजूला दोन पांढरे ठिपके उमटतात. तिथंच भोक.

सोपाननं तसंच केलं. आडव्या पट्टीला ड्रिलनं भोकं पाडली, दांडे उभे केले, खालून-वरून नट आवळले. टोकांना पुट्टी लावली. दुपारचं ऊन शटरच्या आत हातभर आलेलं होतं. बॉनेट धरून सावकाश खाली आणलं, टेकलं, परत वर उचलून काठी लावली.

दोन ठिपके होते. डाव्या ठिपक्याच्या शेजारी तिसरीही खूण होती.

अंगठ्याची. चांगली रुंद, पुट्टीत दाबून उमटवलेली, पक्की. सोपाननं आपले दोन्ही अंगठे पाहिले. कोरडे, स्वच्छ. त्यानं आपला अंगठा त्या खुणेवर धरून पाहिला तर चारी बाजूंनी पांढरं उरलं. आणि खुणेच्या मधोमध, वरपासून खालपर्यंत, एक बारीक मोकळी रेघ होती.

नथूच्या उजव्या अंगठ्याला पत्र्यानं फाटल्याची जुनी खूण होती. बरोबर मधोमध. त्या अंगठ्यानं त्यानं नऊ वर्षं सोपानच्या कामातली चूक दाबून दाखवली होती, हितं चुकलं, हितं चुकलं.

सोपाननं खुणेकडे पुन्हा पाहिलं. ठिपका जिथं उमटला होता त्याहून ती नखभर आत होती. त्यानं फूटपट्टीनं मापलं. दांडा जरासा तिरका बसला होता. त्यामुळे ठिपका चुकला होता. खूण बरोबर होती.

"हितंबी?" तो मोठ्यानं म्हणाला. गॅरेजात दुसरं कुणी नव्हतं. "हितंबी सुखानं करू देणार न्हाई का?"

त्यानं फडकं घेतलं आणि खूण पुसून टाकली. मग दांडा सरळ केला.

४

दुसऱ्या दिवशी सकाळी चार केळी घेऊन तो माल्याला नथूच्या घरी गेला. भेटायला, असं त्यानं मनाशी ठरवलं होतं.

नथूची बायको गोजराबाई ओटीवर तांब्या घेऊन बसली होती. नथूला तिनं खाटेवर उशीला टेकवून बसवलं होतं आणि त्याचा उजवा हात मांडीवर घेऊन ती ओल्या फडक्यानं नखं पुसत होती.

"या भावजी," ती म्हणाली. "बघा की हे. कालपासनं पुसतीया, निघंना."

सोपाननं पाहिलं. नखांच्या आत पांढरं भरलेलं होतं.

"चुना आसंल," तो म्हणाला.

"चुना कुटनं येतोय? तंबाखू सोडून आठ म्हैनं झालं. आन् ह्यो हात तर हलतच न्हाई. मी उचलून ठेवीन तितंच ऱ्हातोय." तिनं हात सोडला. तो मांडीवर पडला आणि तसाच राहिला. "गार बी किती हाय बघा. हात लावा."

सोपाननं हात लावला. गार होता. सकाळी गॅरेजात पत्र्याला हात लागला की लागतो तसा गार.

नथूचे डोळे समोरच्या भिंतीवर होते. तोंडाची उजवी बाजू खाली ओघळली होती. सोपान आला, बसला, बोलला, तरी त्यानं मान वळवली नाही.

"साहेब येऊन गेलं रविवारी," गोजराबाई म्हणाली. "तुमच्याकडं गाडी घालायच्या आदी. त्या नव्या बॉनेटचा फोटू दावला ह्यांना. हातात हात घेऊन म्हनलं, नथू, काम तुझंच हाय, तू न्हाईस म्हनून दुसऱ्याकडं द्यावं लागतंय. रडलं बिचारं."

"कोन? साहेब?"

"न्हाई. हे."

सोपान उठला. दुसऱ्याकडं. ओटीच्या पायरीवरच्या चपला त्यानं घाईनं पायात सरकवल्या. रस्त्याला लागल्यावर त्याच्या लक्षात आलं की पांढऱ्याचा त्यानं विचारच केला नाही. तो सगळी वाट त्या एका शब्दाचा विचार करत होता.

५

शुक्रवारी काम संपवायचं होतं. साहेब दुपारी बारा वाजता गाडी न्यायला येणार होते.

सोपाननं बॉनेटला भोकं पाडली, कानशीनं कडा साफ केल्या, भोकांभोवती चकत्या बसवल्या, काटे हरवू नयेत म्हणून त्यांच्या बारीक तारा आतून अडकवल्या. हात आज चांगला चालत होता. गेले दोन दिवस नवीन काही घडलं नव्हतं. अकरा वाजता त्यानं काठी काढली आणि बॉनेट खाली आणलं.

उजवीकडचा दांडा भोकातून नेमका वर आला. डावीकडचा आला नाही. डावी बाजू वर राहिली होती.

काही अडकलं असेल म्हणून तो गुडघ्यावर बसला आणि फटीला डोळा लावला.

फटीत चार बोटं होती.

आतून बाहेर आलेली, कडेवर ओळीनं ठेवलेली. नखांत पांढरं. ती हलत नव्हती. घट्ट धरलेलीही नव्हती. काम चालू असताना मिस्त्री फट चाचपत असतो, तशी नुसती टेकलेली होती. मागं हात कुठवर होता, हात होता की नव्हता, ते दिसत नव्हतं. मागं इंजिनाचा काळोख होता.

सोपान उभा राहिला. रस्त्यावरून एस.टी. गेली. एक बाई डोक्यावर मासळीची पाटी घेऊन धरणाकडून येत होती, तिनं सहज त्याच्याकडे पाहिलं आणि पुढं गेली. सगळं जिथल्या तिथं होतं, ऊन पडलेलं होतं. त्यानं बॉनेट उचलायला हवं होतं. हलकं होतं ते, एका हातानं उचललं असतं. उचलून बघायचं, आत काही नाही म्हणायचं, पाणी प्यायचं.

त्यानं उचललं नाही. त्याच्या डोक्यात एकच गोष्ट घुमत होती. बारा वाजता साहेब येतील, बॉनेटवरून हात फिरवतील, आणि तो हात ज्या कामावरून फिरेल त्यात ही बोटं असतील.

"हे माझं काम हाय," सोपान हळूच म्हणाला.

त्यानं दोन्ही तळवे डाव्या कडेवर ठेवले, गुडघा बंपरला लावला आणि सगळं अंग टाकून दाबलं.

आवाज झाला नाही. ओल्या पोत्यावर पाय पडावा तसं काहीतरी खाली बसत गेलं. मध्ये एकदा अडलं. त्यानं आणखी दाबलं. दांडा भोकातून वर आला. त्यानं काटा घातला, मग उजवीकडचा घातला, आणि भिंतीला टेकून बसून राहिला. त्यानं त्या फटीकडे पाहिलं नाही.

साहेब आले. पुढून पाहिलं, बाजूनं पाहिलं, एक डोळा मिटून पाहिलं, बॉनेटवरून हात फिरवला.

"अरे वा, सोपान," ते म्हणाले. "नथूनंच केलंय असं वाटतंय."

६

तीन वाजता तो माल्याला पोचला. का आलो हे त्याला सांगता आलं नसतं. गोजराबाई अंगणातच होती. त्याला बघून ती पळत आली. ती रडत होती आणि हसतही होती.

"भावजी, हात जागा झाला! सकाळी अकराच्या सुमाराला हे वरडलं बगा. आठ म्हैन्यांत तोंडातनं शब्द न्हाई, आन् आसं वरडलं की मी चुलीपासनं पळत आले. बघते तर बोटं हलत्यात! डाक्तर आलं व्हतं. म्हनलं, हाताला जान परत येतीया."

"बरं झालं," सोपान म्हणाला.

"पर कुटंतरी चेमटली बगा बोटं. खाटंच्या लोखंडात आली आसतील झटक्यानं. या ना आत."

नथू भिंतीला टेकून बसला होता. उजव्या हाताला हळद लावलेली. त्या हळदीतूनही चारी नखं काळी-निळी झालेली दिसत होती, आणि नखांच्या मागून चारी बोटांवरून एकच सरळ वळ गेला होता, पट्टी ठेवून आखल्यासारखा. त्यानं मान वळवली आणि सोपानकडे पाहिलं.

गोजराबाई चहा टाकायला आत गेली.

नथूचे ओठ हलले. शब्द जाड येत होते, पण कळत होते.

"बसलं का?"

सोपान खाली बघत म्हणाला, "व्हय, दादा."

नथूच्या बघण्यात राग नव्हता.

"न्हाई," तो म्हणाला. "डावीकडं दोन सूत वर हाय."

सोपान चहा न घेता उठला. आठ दिवसांनी साहेब गाडी घेऊन आले. बाकी सगळं झकास आहे, म्हणाले, फक्त डावीकडे जरा वर वाटतं, काटा घातला तरी राहतं. सोपाननं पट्टी लावली. बरोबर दोन सूत.

७

पुढचे दोन महिने त्यानं सगळे उपाय केले. बिजागरीखाली पातळ पट्ट्या घातल्या, कडेचं रबर घासलं, दांडा खाली घेतला. काम झालं की दोन सूत उरायचंच. बॉनेट उघडायचं तेव्हा तो तोंड दुसरीकडे करून उघडायचा. आत कधी काही नसे. नथू बरा होत असल्याच्या बातम्या कानावर येत होत्या. काठी घेऊन चालतोय. बोलतोय. माणसं सोपानला मुद्दाम थांबवून सांगायची, आणि त्याला ‘बरं झालं’ म्हणावं लागायचं.

वैशाखात एका सकाळी मस्टँग दारात थांबली आणि तिच्यातून साहेबांच्या आधारानं नथू उतरला.

"म्हटलं, ह्यालाच आणावं," साहेब खुशीत होते. "तुम्ही दोघं मिळून एकदा ते डावीकडचं मिटवून टाका."

नथू काठी टेकत गाडीला एक फेरी मारून आला. उजव्या हाताला नवी नखं अर्धी फुटली होती, वरचा भाग अजून काळा होता. त्यानं डाव्या कडेवरून तो हात फिरवला आणि थांबला.

"काटं काढ," तो म्हणाला. सोपाननं काढले. डावी बाजू आणखी वर आली.

"आता बोटं घाल फटीत. आतली कड लागंल हाताला. ती धरून ऱ्हा. मी वरनं बसवतो."

"दादा, आत कशाला... पट्टीनं बघू की."

"सोप्या," नथू म्हणाला. "घाल."

"घाल रे," साहेब म्हणाले. "तो सांगतोय तर. एवढी वर्षं ही गाडी त्यानंच सांभाळलीय."

सोपाननं नथूच्या नखांकडे पाहिलं. नाही म्हणता आलं असतं. पण का नाही म्हणतोस, असं साहेबांनी विचारलं असतं, आणि त्याचं उत्तर ह्या गॅरेजात दोघांनाच ठाऊक होतं. त्यानं उजव्या हाताची चार बोटं फटीत घातली. इंजिन आत्ताच बंद झालेलं, आत ऊब असायला हवी होती. आत गार होतं.

नथूनं काठी भिंतीला लावली. दोन्ही तळवे डाव्या कडेवर ठेवले. गुडघा बंपरला लावला. मग त्यानं सोपानकडे पाहिलं, पत्र्यावर पहिला हातोडा मारण्याआधी तो पत्र्याकडे बघायचा तसं, सावकाश, पुरतं. नऊ वर्षांत त्यानं सोपानकडे असं कधी पाहिलं नव्हतं.

सोपाननं डोळे मिटले नाहीत. बोटंही काढून घेतली नाहीत.

वजन आलं. दांडा भोकातून वर आला. नथूनं एक काटा घातला, मग पलीकडे जाऊन दुसरा.

"वा!" साहेब म्हणाले. एक डोळा मिटून त्यांनी डावी कड पाहिली, उजवी पाहिली. "बघ आता. सूतभर फरक नाही. दोन्हीकडे अगदी सारखं."

सोपाननं खाली पाहिलं. फट खरंच सारखी होती, तिच्यातून पोस्टकार्डसुद्धा गेलं नसतं. त्याचा तळवा तिच्यापर्यंत आलेला होता आणि तिथून पुढं काळं, गुळगुळीत फायबर होतं. त्यानं ओरडण्यासाठी तोंड उघडलं, पण ओरडण्यासारखं काही दुखत नव्हतं. तो बोटं हलवायला बघत होता आणि ती कुठून हलवायची हेच त्याला आठवत नव्हतं.

शेजारी उभा राहून नथू आपल्या उजव्या हाताची बोटं एकेक करून मिटत होता, उघडत होता.